पुडीतल्या गोळीला नाव हवं

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली की पवनी तालुक्यातल्या मेडिकल दुकानांची संध्याकाळ लांबते. दिवसभर चिखलात कंबर वाकवून आलेल्या बाया, ट्रॅक्टरवरची पोरं, बांधावर उभं राहून पाय आखडलेले म्हातारे काउंटरशी येतात आणि मागणी एकच असते, अंगदुखीवर काहीतरी द्या. दुकानदार स्ट्रिपमधून चार गोळ्या कात्रीनं कापतो, दुसऱ्या स्ट्रिपमधून दोन, तिसरीतून दोन, सगळ्या कागदात गुंडाळतो, ‘सकाळ-संध्याकाळ जेवण झाल्यावर’ एवढं सांगतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. थोडक्या पैशांत काम होतं, दुसऱ्या दिवशी रोवणीला जाता येतं. पवनीच्या बाजारात दिसणारं हे दृश्य वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या कुठल्याही बाजारगावात दिसेल.

बहुतेकांना त्या गोळ्यांनी काहीही होत नाही, हे आधीच सांगायला हवं. पण ज्याला होतं त्याचं सगळं फार वेगानं बिघडतं. ताप चढतो, डोळे चुरचुरतात, ओठ सोलवटतात, घसा इतका दुखतो की पाणी गिळवत नाही. मग छातीवर, पाठीवर लालसर-काळपट चट्टे उठतात, त्यांवर पाण्याचे फोड धरतात आणि अंगावरून नुसता हात फिरवला तरी कातडी सरकते. घरात कुणी म्हणतं गोवर आहे, कुणी म्हणतं माता आली, कुणी म्हणतं औषध गरम पडलं. या तिसऱ्याचं म्हणणं अर्धं खरं असतं. पण उतारा म्हणून ताक, गुलकंद आणि कडुलिंबाचा पाला येतो, आणि ‘कोर्स पुरा करायचा असतो’ म्हणून गोळी मात्र चालूच राहते. शेवटी गाडी करून भंडारा, नाहीतर ऐंशी किलोमीटरच्या आसपासचं नागपूर गाठलं जातं. तिथला डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, कोणती गोळी घेतली होती? उत्तर येतं, पांढरी होती, लांबट.

या उत्तरापाशी उपचार अडतो. अशा आजारात सगळ्यात आधी करायची गोष्ट म्हणजे दोषी औषध ओळखून ताबडतोब बंद करणं आणि जन्मभर त्याच्या वाटेला न जाणं. त्यासाठी त्याचं नाव माहीत असावं लागतं. ते नाव आपण रोज काउंटरवर कात्रीनं कापून टाकतो.

गोळीनं कातडी सोलली जाण्याचा हा प्रकार वैद्यकाला नवा नाही. १९२२ मध्ये अल्बर्ट स्टीव्हन्स आणि फ्रँक जॉन्सन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी ताप, अंगावर पुरळ, तोंडात आणि डोळ्यांत जखमा अशा अवस्थेतल्या दोन मुलांची नोंद केली. तेव्हापासून आजाराला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. १९५६ मध्ये ॲलन लायेल या ब्रिटिश डॉक्टरांनी त्याच्याहून भयंकर रूपाचं वर्णन केलं. त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, थोडक्यात ‘टेन’ म्हणतात. शरीराच्या दहा टक्क्यांहून कमी कातडी सुटली तर पहिला, तीस टक्क्यांच्या वर गेली तर दुसरा. ‘टेन’मध्ये दहांतले साधारण तीन रुग्ण दगावतात. वाचलेल्यांपैकी अनेकांचे डोळे कायमचे कोरडे होतात, काहींची नजर जाते. आजार दुर्मीळ आहे, वर्षाला दहा लाखांत मोजके रुग्ण. ज्या औषधांनी तो होतो ती मात्र दुर्मीळ नाहीत. फिटसाठीची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडसाठीची ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या, काही वेदनाशामकं. यातलं काही ना काही तालुक्याच्या प्रत्येक दुकानात असतं.

यात एक गोष्ट लोकांच्या ध्यानातच येत नाही. नवं औषध सुरू केल्यापासून साधारण चार दिवस ते चार आठवडे, एवढ्या टप्प्यात कधीही हे फोड उठू शकतात. म्हणजे आज अंग सोललं तर दोष काल घेतलेल्या तापाच्या गोळीचा असेलच असं नाही. ती गोळी तर या आजाराच्याच पहिल्या तापासाठी घेतलेली असू शकते. खरी कारणीभूत गोळी तीन आठवड्यांमागच्या पुडीत असते, आणि पुडीचा कागद केव्हाच चुलीत गेलेला असतो.

कातडीवर फोड आणणाऱ्या औषधी विकारांचं दुसरं घराणंही आहे. स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये शरीराच्या संरक्षक पेशी औषधामुळे बिथरून कातडीच्या पेशी मारतात. दुसऱ्या घराण्यात शरीर स्वतःच्याच कातडीविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. त्यातले दोन मुख्य आजार म्हणजे पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड. कातडी हे अस्तर लावलेलं कापड मानलं, तर पेम्फिगसमध्ये शिवण उसवते आणि पेम्फिगॉइडमध्ये अस्तर सुटतं. म्हणून पेम्फिगसचे फोड लुळे असतात, लगेच फुटतात आणि मागे ओली जखम राहते. पेम्फिगॉइडचे फोड टरारून फुगलेले असतात आणि त्यांच्या आधी कित्येक आठवडे अंगाला नुसती खाज सुटते. हे आजार औषधाशिवायही होतात, बहुतेकदा तसेच होतात. पण काहींच्या बाबतीत ठिणगी गोळीनं टाकलेली असते.

पेम्फिगस बहुतेकदा तोंडातून सुरू होतो, आणि तिथंच आपल्याकडे महिने वाया जातात. गालाच्या आत, टाळूला, हिरड्यांना जखमा होतात. भाकरीचा तुकडा चावता येत नाही, तिखट लागलं की जीव जातो. माणूस म्हणतो, तोंड आलंय. मेडिकलवाला बी-कॉम्प्लेक्स देतो, वर लावायला जेल देतो. घरचे म्हणतात पोट साफ नाही. तीन-तीन, चार-चार महिने हेच चालतं आणि मग अंगावर फोड येतात. भारतात हा आजार चाळिशी-पन्नाशीच्या, घर चालवणाऱ्या माणसांना गाठतो. रक्तदाबाची कॅप्टोप्रिल आणि तिच्या कुळातली औषधं, पेनिसिलामिन, क्षयरोगावरची रिफाम्पिसिन यांच्यामुळे तो उद्भवल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. स्टेरॉइड येण्यापूर्वी पेम्फिगस म्हणजे बहुतेकदा मृत्यूच होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी डेक्सामेथासोन आणि सायक्लोफॉस्फामाइड ठरावीक दिवसांच्या अंतरानं देण्याची पद्धत बसवली आणि देशभरातल्या सरकारी रुग्णालयांत गरिबांना परवडणारा इलाज मिळाला. एवढं मोठं काम या देशात झालं. त्याच देशात आजही रुग्ण तोंडात जेल लावत चार महिने घरी बसतो. दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम डॉक्टरांनी पाहिलीच पाहिजे, ही साधी सूचना तालुक्यापर्यंत पोहोचलेली नाही.

पेम्फिगॉइड हा म्हाताऱ्यांचा आजार, सहसा साठी-सत्तरीनंतरचा. आज त्याच्याकडे नव्यानं पाहावं लागतं ते मधुमेहाच्या एका औषध-कुळामुळे. व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन अशी ही औषधं. साखर आटोक्यात ठेवतात, साखर एकदम खाली पाडत नाहीत, म्हणून डॉक्टरांना आवडतात, आणि ते योग्यही आहे. व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट भारतात २०१९च्या डिसेंबरात संपलं आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. सिटाग्लिप्टिन २०२२ पासून जनऔषधी दुकानात दहा गोळ्या साठ रुपयांना मिळू लागली. गरीब मधुमेह्याला चांगलं औषध मिळालं, याचा आनंदच आहे. पण फिनलंडमधल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या २०१८च्या अभ्यासात व्हिल्डाग्लिप्टिन घेणाऱ्यांत पेम्फिगॉइडची शक्यता सुमारे दहा पट आढळली. मुळात आजारच कमी असल्यानं दहा पट म्हणजेही थोडेच लोक. तरीही औषध लाखो घरांत गेलं की थोड्यांतले काही आपल्या गावात निघणारच.

अडचण अशी की ही गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी खाज आणि फोड सुरू होतात. एवढ्या काळानंतर कुणाला गोळीचा संशय येणार? त्यातून बाजारातल्या बहुतेक गोळ्या मेटफॉर्मिनसोबत एकत्र असतात आणि पुढे ठळक अक्षरांत कंपनीनं दिलेलं नाव असतं. ग्लिप्टिन हा शब्द खाली, बारीक टाइपात. सत्तरीतल्या आजोबांना खाज सुटली की घरचे म्हणतात वय झालं, कातडी कोरडी पडली. फोड आले की म्हणतात नागीण. मग नागीण उतरवणाऱ्याकडे नेलं जातं, अंगावर लेप बसतो. खऱ्या नागिणीचा पट्टा शरीराच्या एकाच बाजूला येतो, मधली रेघ सहसा ओलांडत नाही. दोन्ही बाजूंना, मांड्यांवर, पोटावर, काखेत फोड असतील तर ती नागीण नव्हे. एवढा फरक आशाताईंना शिकवला तरी अनेक आजोबा लेपापासून वाचतील. अशा रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांनी गोळी बदलली तर पुष्कळांचा आजार आटोक्यात यायला मदत होते. गोळी स्वतःच्या मनानं सोडून देणं मात्र धोक्याचं. साखरेची, फिटची, रक्तदाबाची औषधं एकदम तुटली तर वेगळंच संकट उभं राहतं.

या आजारांपैकी ‘टेन’चं भारतातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण कोलकात्यात सुरू झालं. अनुराधा साहा, वय ३६, अमेरिकेत राहणाऱ्या बालमानसशास्त्रज्ञ, १९९८च्या वसंतात पती डॉ. कुणाल साहा यांच्यासोबत कोलकात्यात सुट्टीवर आल्या होत्या. एप्रिलच्या अखेरीस ताप आणि अंगावर पुरळ आली. मे महिन्यात त्यांना डेपोमेड्रॉल या दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या स्टेरॉइडची ८० मिलिग्रॅमची इंजेक्शनं दिवसातून दोनदा देण्याचा सल्ला दिला गेला. हे औषध एकदा टोचलं की त्याचा असर कित्येक दिवस राहतो. एका डोसनंतर दुसरा द्यायला आठवडा-दोन आठवडे थांबायचं असतं. ११ मे रोजी त्यांना कोलकात्यातल्या एएमआरआय रुग्णालयात दाखल केलं. प्रकृती खालावत गेली. १७ मे रोजी विमानानं मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात आणलं. निदान ‘टेन’चं होतं. २८ मे १९९८ रोजी अनुराधा गेल्या.

कुणाल साहा पंधरा वर्षं लढले. सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑगस्ट २००९ रोजी वैद्यकीय निष्काळजीपणा झाल्याचं ठरवलं, फौजदारी गुन्हा मात्र सिद्ध मानला नाही. २४ ऑक्टोबर २०१३ रोजी भरपाईची रक्कम सुमारे सहा कोटी रुपये केली, व्याज वेगळं. भारतातल्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत तोवर एवढी भरपाई कधी मिळाली नव्हती. वर्तमानपत्रांत त्या आकड्याचीच चर्चा झाली. पण निकालातला महत्त्वाचा भाग निराळा आहे. कातडी गेलेल्या रुग्णाला सलाइन, पोषण, जखमांची निगा, जंतुसंसर्गापासून बचाव हा आधार लागतो आणि तो मिळाला नाही, याची न्यायालयानं गंभीर दखल घेतली. ‘टेन’चा रुग्ण भाजलेल्या रुग्णासारखाच सांभाळावा लागतो. जिथं तशी सोय नाही तिथं त्याला ठेवून घेणं हा इलाज नव्हे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये या आजारावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही संशयित औषध तत्काळ बंद करण्यावर भर आहे.

अनुराधा यांच्याजवळ डॉक्टर नवरा होता, विमान होतं, मुंबईचं नामांकित रुग्णालय होतं. पवनीहून निघालेल्या शेतमजुराजवळ काय असतं? त्याच्याजवळ निदान गोळीचं नाव तरी असावं.

मरणापर्यंत न नेणारा, पण आपल्या गावांत कितीतरी जास्त दिसणारा प्रकारही सांगितला पाहिजे. जुलाब लागले की दुकानातून ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली गोळी मिळते. काहींना ती घेतल्यावर काही तासांत ओठावर, हातावर किंवा गुप्तांगावर गोल चट्टा उठतो, कधी त्यावर फोड येतो. चट्टा बरा होतो, डाग काळा-जांभळा राहतो. पुढच्या वर्षी जुलाब, पुन्हा तीच गोळी, आणि नेमक्या त्याच जागी पुन्हा चट्टा. दर वेळी एखादा नवा चट्टा वाढतो. हा शरीरानं दिलेला स्पष्ट इशारा आहे. तो वाचायचा तर गोळीत कोणती दोन औषधं होती हे कळायला हवं, आणि दोन एकत्र असल्यानं दोषी कोणतं हे तज्ज्ञालाही चटकन सांगता येत नाही. सरकारनं २०१६ मध्ये ३४४, २०१८ मध्ये ३२८ आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. तरी विनाकारण जोड्या लावलेली औषधं दुकानांत भरपूर आहेत.

नाव कळण्याचं मोल फिटच्या औषधांत सर्वांत जास्त दिसतं. एखाद्याला फेनिटॉइननं फोड आले आणि दुसऱ्या डॉक्टरनं ते माहीत नसल्यानं कार्बामाझेपिन किंवा फिनोबार्बिटोन दिलं, तर तोच आजार पुन्हा उसळू शकतो, कारण ही तिन्ही औषधं एकमेकांची जवळची नातेवाईक आहेत. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी कार्बामाझेपिनमुळे होणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सनचा संबंध एचएलए-बी १५०२ या जनुकाशी दाखवला. २००९ मध्ये भारतीय रुग्णांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात आठपैकी सहा जणांत तेच जनुक सापडलं. अशी तपासणी तालुक्यात होण्याची वाट पाहण्याआधी, ज्याला एकदा फोड येऊन गेले त्याच्या खिशात औषधाचं नाव असलेला कागद देणं आजच शक्य आहे.

पूर्व विदर्भाला हे जास्तच लागू आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कुष्ठरोग अजून संपलेला नाही. त्यावरच्या बहुविध उपचारातलं डॅप्सोन हे मोलाचं औषध आहे, फोड येणाऱ्या काही त्वचारोगांवर तर ते इलाज म्हणून देतात. पण थोड्या लोकांना ते सुरू केल्यावर चार-सहा आठवड्यांनी ताप, पुरळ, गाठी आणि कावीळ असा गंभीर त्रास होतो. औषध घरी नेऊन देणाऱ्या कर्मचाऱ्यानं पहिल्या दोन महिन्यांत ‘ताप आला का, अंगावर काही उठलं का’ एवढं विचारलं तरी असा रुग्ण वेळेत सापडतो. मासिक पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दलही अशाच प्रकारच्या त्रासाचा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी दिला होता.

खिशातल्या कार्डाची सवय विदर्भाला आहे. सिकलसेलच्या तपासणीनंतर रुग्णाला आणि वाहकाला कार्ड मिळतं, लग्न जमवताना ते पाहिलं जातं. १ जुलै २०२३ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेतही अशी कार्डं वाटली गेली. मग औषधानं अंग सोललेल्या रुग्णाला रुग्णालयातून घरी सोडताना मराठीत तीन ओळींचं कार्ड का मिळू नये? औषधाचं मूळ नाव, त्याची जवळची औषधं, काय झालं होतं आणि केव्हा. आज ही माहिती डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत, घाईच्या अक्षरात असते आणि ते कार्ड घरातल्या पेटीत जातं.

दुकानदार म्हणतील, लोकांना अख्खी स्ट्रिप परवडत नाही, चारच गोळ्या मागतात. बरोबर आहे, मजुरी करणाऱ्याला अख्खी स्ट्रिप घ्यायला लावणं अन्यायाचं होईल. पण पुडीच्या कागदावर गोळीचं नाव आणि तारीख लिहायला किती वेळ लागतो? डायक्लोफेनॅक असो की अँटिबायोटिक, ही औषधं चिठ्ठीशिवाय देऊच नयेत असा नियम आहे. तो पाळला तर निम्मा प्रश्न सुटेल. जे डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यात नावाविना सुट्ट्या गोळ्या देतात, त्यांनाही हेच सांगणं आहे. रुग्णाला नाव कळलं तर तो पुढच्या वेळी थेट दुकानातून आणेल, ही भीती काहींना वाटते. पण त्या भीतीपायी रुग्णाला अंधारात ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला आहे. १८००-१८०-३०२४ हा त्याचा निःशुल्क क्रमांक. डॉक्टरच नव्हे, रुग्ण किंवा नातेवाईकही तिथं कळवू शकतात आणि रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. पवनी तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांनी हा क्रमांक चिठ्ठी काढण्याच्या खिडकीवर लावावा, औषध विक्रेत्यांच्या तालुका संघटनेनं तो प्रत्येक दुकानात लावावा, आणि येत्या रोवणीच्या आधी आशाताईंच्या मासिक बैठकीत अर्धा तास या फोडांसाठी द्यावा. नवी गोळी सुरू झाल्यावर ताप, डोळ्यांची आग, तोंडात जखमा आणि दुखरी कातडी एकत्र दिसली, तर उरलेल्या सगळ्या गोळ्या कागदासकट सोबत घेऊन त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं, हे त्या अर्ध्या तासात सांगून होतं.